दावे नगण्य आहेत

"तू राहू दे गं. ते पातेलं क्लेअर नेईल."

लंडनच्या पिनर उपनगरातलं स्वयंपाकघर. शनिवारची दुपार. ओट्यावर सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा होता आणि पातेल्याला माझे दोन्ही हात लागलेले होते. बोलल्या त्या काकू, माझ्या संपादक मेधाताईंच्या आई. मी हात काढले. क्लेअर आमच्या ऑफिसातली इंग्रज सहकारी. बूट घालूनच ती आत आली होती, सांगितल्यावर हसत काढले. "ओह, शुअर," म्हणाली आणि पातेलं उचलून बाहेर घेऊन गेली. तिच्या हातचा प्रसाद सगळ्यांनी घेतला.

पाच मिनिटं आधी काय झालं, तेही नोंदवते. काकूंनी माझं आडनाव ऐकून विचारलं होतं, "म्हणजे गाव तेच ना?" मी हो म्हटलं. गाव त्यांच्या माहेराजवळचं निघालं. त्या खुलल्या.

"अगंबाई! गावात कुठे? देवळाच्या आळीत?"

"नाही. वेशीबाहेर. बुद्धविहाराच्या मागे."

बातमीदाराची सवय. विचारलं की नेमकं सांगायचं. काकू "हो का" म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छ होता.

आमचं आडनाव वडिलांनी बदलून घेतलेलं. गावाच्या नावापुढे 'कर'. त्यावरून काही कळत नाही, एवढाच त्याचा उपयोग. लंडनमध्ये आठ वर्षं तो झाला.

मी एका कायदेविषयक बातमीपत्रात काम करते. कोणत्या प्रकारचे खटले वाढताहेत, कोणता नियम बदलतोय, कोणावर कारवाई झाली, हे लिहिते. वाचणारे सॉलिसिटर आणि कंपन्यांचे एचआरवाले. या देशाच्या समानतेच्या कायद्यात वंश आहे, धर्म आहे. जात स्पष्ट शब्दांत नाही. ती घालण्याची तरतूद संसदेनं केली होती. सरकारनं ती अमलात आणली नाही. प्रश्न न्यायालयांवर सोडला: खटले येतील, निकाल लागतील, तसा कायदा आपोआप घडेल. या धोरणावर मी पूर्वी एक लेख लिहिला होता. त्यात माझं वाक्य होतं, "जातीच्या आधारावरचे दावे नगण्य आहेत." वाक्य अचूक होतं. मी निकाल मोजले होते. कोणालाही फोन केला नव्हता. स्वतःलाही विचारलं नव्हतं.

सोमवारी मेधाताईंनी मीटिंग रूममध्ये बोलावलं. ऑफिसात त्या मेधा. मराठीत बोलताना मेधाताई, त्यांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलेलं. जातीच्या कायद्यावरचा नवा, मोठा लेख तीन आठवडे माझ्याकडे होता. मुलाखती झाल्या होत्या. अर्धा लिहून झाला होता.

"ती स्टोरी क्लेअरला दे."

"का?"

"न्यूट्रॅलिटीचा इश्यू आहे. तू त्यात पर्सनली गुंतलेली आहेस."

"शुक्रवारी नव्हते."

त्या हसल्या. "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. आई जुन्या वळणाची आहे. आणि तूच लिहिलंयस ना, केसेसच नाहीत म्हणून? मग प्रॉब्लेम कुठाय?"

माझंच वाक्य. माझ्यासमोर ठेवलेलं.  डेस्कवर आले आणि नोट्स क्लेअरला पाठवल्या. फाइल्सना नीट नावं देऊन पाठवल्या, याची आजही लाज वाटते.

घरी जाताना ट्रेनमध्ये, वॉटफर्ड येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात होती. मेधाताईही एका जातीच्या आहेत. त्यांची न्यूट्रॅलिटी आजवर कोणी तपासली नाही.

दुसऱ्या दिवशी एचआरकडे लेखी तक्रार केली. चौकशी करणारा माणूस सभ्य होता. पाणी दिलं. मग म्हणाला, "तुम्ही दोघी एकाच देशाच्या, एकाच भाषेच्या. मग हा वंशभेद कसा?" मी समजावून सांगितलं. त्याला कळेना. शेवटी कागद घेतला आणि जातींची शिडी काढली. कोण कुठे, ते लिहिलं. सगळ्यात खाली बोट ठेवून म्हटलं, "ही मी." तो म्हणाला, "फॅसिनेटिंग." कागद त्यानं फाइलला लावला.

पिनरमध्ये मला दुसऱ्यांनी खाली बसवलं होतं. इथे माझी जागा मलाच काढून दाखवावी लागली.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. "दोन सहकाऱ्यांमधला सांस्कृतिक गैरसमज." सोबत प्रस्ताव: दुसऱ्या टीममध्ये बदली, उत्तम शिफारसपत्र, आणि एक कलम. घडल्या प्रकाराविषयी मी कोठेही, कोणाशीही, कधीही बोलणार नाही.

हे कलम मला पाठ आहे. वाचकांना मीच ते समजावून सांगितलं होतं. अर्थ मात्र त्या दिवशी कळला. निकाल मोजता येतात. सही करून गप्प बसलेली माणसं कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. आधी बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं आणि मग म्हणायचं, कोणी बोलतच नाही. आणि त्याला 'ट्रेंड' म्हणून मथळा द्यायचा. तो मथळा मी दिला होता.

नोकरीतले दावे ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे जायला तीन महिने असतात, एक दिवस कमी. कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसलात तरी घड्याळ थांबत नाही. निम्मी मुदत त्या सभ्य माणसानं पाणी पाजत घालवली होती.

सॉलिसिटरनं सावध केलं. निकाल ऑनलाइन प्रसिद्ध होतात, नावासकट. पुढची नोकरी देणारा आधी तेच शोधेल. नाव गुप्त ठेवायचा अर्ज करता येतो, करूया का?

मी वडिलांना फोन केला.

"आडनाव छापून येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल. जातीसकट."

 ते म्हणाले, "बाई, ते जुनं आडनाव पुसायला मला तालुक्याला किती खेपा घालाव्या लागल्या, तुला माहीत आहे का?"

"माहीत आहे, बाबा."

"मग?"

"पुसूनही त्यांनी विचारलंच ना?"

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मी केला तर आई उचलते आणि हवापाण्याचं बोलते.

प्रस्ताव मी सही न करता परत पाठवला. समेटासाठी आधी करावी लागते ती सरकारी नोंद केली. समेट झाला नाही. मग दाव्याचा फॉर्म उघडला. भेदभाव कशाच्या आधारावर, असा प्रश्न होता. जातीची चौकट तिथे नव्हती. वंशाच्या चौकटीत खूण केली आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: "माझी जात महार. धर्म बौद्ध. याच कारणावरून माझं काम काढून घेण्यात आलं." नाव गुप्त ठेवण्याचा अर्ज केला नाही. पूर्ण नाव लिहिलं. कंसात वडिलांचं जुनं आडनावही लिहिलं. मुदतीला चार दिवस बाकी असताना फॉर्म पाठवला.

मी हरू शकते. जात वंशात मोडते की नाही यावर त्यांचा वकील दिवसभर बोलेल, आणि तो काय बोलेल हे मला आत्ताच लिहून देता येईल. हरले तरी निकाल लागेल. त्याला क्रमांक मिळेल. तो यादीत राहील.

यापुढे कोणाला "दावे नगण्य आहेत" असं लिहायचं असेल, तर त्याला आधी माझं नाव वाचावं लागेल. मी ते पुसणार नाही.