पाचव्या माळेचा उकरलेला घट

यंदा घट मांडताना ओल्या मातीचा वास आला अन् ते वर्ष डोळ्यांपुढं उभं राहिलं. फवारणीचं औषध अंगात भिनून मालक वाशीमच्या दवाखान्यात बेशुद्ध पडलेले, दीर त्यांच्याजवळ, घरी मी अन् सासूबाई. पाचवी माळ लागली तरी आमच्या घटात नुसती काळी माती. गहू काही वर येईना. शेजारीण दारातूनच घटाकडं पाहून, अपशकुन समजून माघारी फिरली. मी जेवण सोडलं होतं, अन् दवाखान्यात जायची हिंमतही होत नव्हती. त्या सकाळी सासूबाईंनी मला बोटानं माती उकरताना पकडलं. "काय करून राह्यली वं?" "दाणे सडले काय, पाहून राह्यली." "मेथीच्या वाफ्यात करतं काय असं? देवीच्या हवाली केलं ना, मंग काढ हात!" मी माती सारखी केली, हात जोडले अन् तिथंच बसून राहिले. भीती गेली नाही, पण उठले. भाकर खाल्ली अन् शेलूबाजारहून वाशीमची जीप धरली. आणखी चार दिवस मालकांनी डोळे उघडले नाहीत, अन् चारही दिवस मी उशाशी बसले. आता तेच ओसरीतून चहासाठी ओरडतात, तर मी म्हणते, सबुरी धरा जरा.