पेज सांडून पाहिलेली फरशी

आमच्या स्वयंपाकघराची फरशी ठरवायला जे बसले, त्यांतल्या कुणीही तिथे कधी कपसुद्धा विसळलेला नव्हता. एक माझा नवरा आणि दुसरा माझा धाकटा दीर. दीर नागपूरला फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे त्याला घरांतलं सगळं कळतं असा आमच्याकडे समज आहे. तो त्यानेच करून दिलेला आहे.

स्वयंपाकघर अरुंद. दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरायचं. दिराने मोबाइलवर चित्र दाखवलं: दोन्ही भिंतींना ओटे, त्यावर पांढराशुभ्र दगड, खाली आरशासारखी पांढरी टाइल. ओट्यावर एक लिंबू ठेवलेलं. बाकी ना डबा, ना पातेलं. त्या घरातली माणसं काय खात असतील देव जाणे.

“वयनी, पांढऱ्यानं जागा मोठी दिसते,” दीर म्हणाला.

“दिसते. होते का?”

नवऱ्याने मान हलवली. कोणाच्या बाजूने, ते त्यालाही माहीत नसावं.

आम्ही भद्रावतीत राहतो. खाणीकडून वारा आला की सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. अशा गावात पांढरी फरशी घ्यायची, तर ती दिवसभर पुसणारी बाईही त्याच चित्रातून मागवायला हवी. पण धुळीचं एक वेळ सोडा. खरा प्रश्न माझ्या सासूचा होता.

मागच्या वर्षी सासू न्हाणीघरात पडली. तिथली चकचकीत टाइलही दिराच्याच पसंतीची. मनगटावर निभावलं. डॉक्टरांनी बजावलं की हाडं ठिसूळ झाली आहेत, पुढच्या वेळी खुबा मोडला तर अंथरूण धराल. अंथरुणाला लागलेल्या माणसाचं हागणं-मुतणं नागपूरच्या फ्लॅटमध्ये जात नाही, ते माझ्याकडे येतं. हे मी सगळ्यांसमोर बोलले. कुणाला आवडलं नाही. कुणी खोडूनही काढलं नाही.

आणि सासू स्वयंपाकघर सोडणारी नाही. आमचा मुलूख धानाचा. कुकरच्या भाताला ती दवाखान्याचा भात म्हणते. भात मोकळ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात शिजवायचा आणि पसवून पेज काढायची, ती तीच काढणार. ओट्याच्या उंचीवर तिला हाताचा भरवसा वाटत नाही, म्हणून गंज खाली उतरवून देतो. ती पाटावर बसते, फडक्याने गंज धरते, झाकण जरासं सरकवून पेज पातेल्यात गाळते. थोडी खाली सांडतेच. त्या पेजेत पाय पडला तर साबण परवडला. आणि दोन्हीकडे ओटे झाले तर तिने पाट मांडायचा कुठे?

एवढं झाल्यावर सासू तरी माझ्या बाजूने असावी की नाही?

“मले चमकणारीच पायजे,” ती म्हणाली. “अर्धा जल्म शेणानं सारवण्यात गेला. आता काऊन खरबऱ्या दगडावर बसू?”

 तिचं बोलणं खरंच होतं. पण बोलणं खरं असलं म्हणून फरशीवर पाय घसरायचा राहत नाही.

चंद्रपूरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. सासू घरीच थांबली. आत गारेगार एसी, टाइलींना परदेशी गावांची नावं, आणि फरशीचे सगळे नमुने भिंतीवर उभे चिकटवलेले. भिंतीवर कोण चालतं? गिऱ्हाइकं बूट घालून फिरत होती, हात फिरवून “वा” म्हणत होती आणि फरशी पसंत करत होती.

मी पांढरी टाइल खाली ठेवायला लावली. पिशवीतून बाटली काढली आणि सकाळची पेज तिच्यावर ओतली.

“ताई, हे काय करून राह्यल्या?” दुकानदार धावत आला.

“भात पसवून राह्यले, भाऊ. फडकं आणलं आहे, घाबरू नका.” मग दिराला म्हटलं, “भाऊजी, बूट-मोजे काढा अन् उभे राहा यावर.”

“मी काऊन?”

“तुमची पसंत आहे ना?”

लोक बघत होते, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. त्याने एक पाय ठेवला, दुसरा उचलला आणि थेट दुकानदाराच्या गळ्यात पडला.

“पण घरी पेज सांडते कोण?” तो चिडून म्हणाला.

“तुमची आई. रोज.”

नवरा छताचे दिवे निरखत होता. त्यानंतर खरबरीत करड्या टाइलवर मी तीच पेज ओतली. दीर उभा राहिला आणि उभाच राहिला. त्याचा चेहरा मात्र घसरला.

ओट्यासाठी दुकानदार पांढरा दगड पुढे करत होता. “यावर हळद कालवून उद्यापर्यंत ठेवू का?” मी एवढंच विचारलं. त्याने तुकडा उचलून ठेवला. काळा ग्रॅनाइट घेतला, एकाच भिंतीला.

करडी फरशी बसली. दीर बघायला आला आणि म्हणाला, “गोडाऊन वाटून राह्यलं.” मी त्याला चहा दिला. सासूने पहिले काही दिवस माझ्याशी बोलणंच टाकलं. पाटावर बसायची, पेज काढायची, उठून जायची. मी भिंतीवर पांढऱ्या चकचकीत टाइल लावून देते म्हटलं, तर म्हणाली, “भिताडाले काय चाटू?”

आता ती रोज दुपारी गल्लीच्या टोकाला, तिच्या मैत्रिणीच्या अंगणात जाते. तिचा आवाज इथवर येतो. “सुनेनं सडकेसारखी फरशी टाकली वं! माह्या जिवाची हौस नाई पाह्यली तिनं.” मैत्रीण हळहळते. दोघी मिळून मला नावं ठेवतात, मधूनच हसतातही.

ठेवू देत. पेज काढून, सांडलेल्यातून चालत, हात धुऊन ती तिथवर जाते. काठी घेत नाही.