क्रेनवाल्या मावशीचं हळवं पोट

चहा बिनदुधाचा. जेवणात कांदा नाही, लसूण नाही. घास सावकाश, कितीही घाई असली तरी. खिशात भाजलेल्या बडीशेपेची डबी. नव्या इमारतीत शिरलं की आधी संडास कुठे आहे ते पाहून ठेवायचं, मग बाकीचं. शिडीला हात लावण्याआधी एकदा जाऊन यायचं, आणि शिडीपाशी आल्यावर मागे वळून पुन्हा एकदा.

मावशी बांधकामावरची उंच क्रेन चालवते. मी खाली उभा राहून वॉकीटॉकीवर तिला दिशा सांगतो. साहित्यात पदवी घेतली आणि 'डावीकडे, हळू, खाली, थांब' एवढ्या शब्दांवर माझं पोट भरतं. ती माझी सख्खी मावशी नव्हे. पहिल्या दिवशी मी 'मॅडम' म्हणालो, तर वरून आवाज आला, "मॅडम ऑफिसात बसतात. इथे मावशी बसते."

वर केबिनमध्ये खुर्ची आहे, काच आहे, छोटा पंखा आहे. संडास नाही. ज्याचं पोट लहरी आहे त्याने हे काम धरू नये. तिने धरलं आणि टिकवलं. फार पूर्वी तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. आतडं हळवं आहे, बाकी काही नाही, जपून राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. ती जपून राहिली. एकेक पदार्थ सोडून पाहिला. सोसला तो परत घेतला. झोपण्याआधी भरपूर पाण्याबरोबर इसबगोल. पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्या. जेवल्यावर चालणं. जागरण नाही.

"आमच्याकडे जेवण नसतं, परीक्षा असते," तिचा नवरा म्हणायचा.

"आणि तुम्ही दरवेळी नापास," ती म्हणायची.

क्रेनवर टांगलेलं ओझं झोके खायला लागलं की नवखा माणूस ते मागे ओढतो. झोका वाढतो. मावशी ओढत नाही. ओझं जाईल तिकडे क्रेनचा हात हलकेच नेते, आणि ओझं शांत होतं. "पोटाचंही तसंच," ती मला सांगायची. "भांडायचं नाही. त्याच्या मागे जायचं. दमतं बिचारं." इतक्या वर्षांत हे कधी खोटं ठरलं नव्हतं. तिथेच घात झाला.

यंदा तिच्या कमरेचा सुरक्षापट्टा सैल पडू लागला. बघता बघता शेवटच्या भोकावर आला. पोट आता झोपेतूनही उठवतं, असं ती बोलता बोलता म्हणाली. तिने भात कमी केला. मग फळं सोडली. मग बडीशेपेचा काढा सुरू केला. पोट जाईल तिकडे ती जात राहिली.

एकदा डबा खाताना म्हणाली, "रक्तही दिसतंय अधूनमधून."

माझा घास हातातच राहिला. "डॉक्टरला दाखवलंस?"

"जुनंच दुखणं आहे रे. काढा कडक झाला असेल."

"रक्त जुनं आहे?"

"तुम्हा साहित्यवाल्यांना जिथे तिथे शोकांतिका दिसते. टाक्या चढू देत, मग जाते."

छपरावर पाण्याच्या टाक्या चढवायच्या होत्या. शेवटची टाकी वर पोहोचली. "हळू, खाली," मी म्हणालो. टाकी हलली नाही.

"मावशी?"

नुसता श्वास ऐकू आला. छपरावर टाकीच्या खालीच फिटर उभा होता. मी ओरडून त्याला बाजूला केलं. मला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

मग ती बोलली, अगदी बारीक. "आता नेम नाही धरता येणार. जमिनीवर आणते. माणसं हटव."

टाकी खाली टेकली.

"आता मला न्यायला या. मला नीट दिसत नाहीये."

दोघे जण वर चढले. दोराने बांधून, एकेक पायरी करत त्यांनी तिला उतरवलं. मी तिचा हातमोजा काढला. आत हात गार होता.

इस्पितळात डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि मावशी एकच सांगत होती, "पोट हळवं आहे माझं."

"असेलही," बाई म्हणाल्या. "पण हळव्या आतड्यातून रक्त येत नाही. वजन असं उतरत नाही. हे दिसलं की लगेच यायचं असतं. काढे नंतर."

नळी घालून आत पाहिलं. गाठ निघाली. तिचा तुकडा तपासायला गेला आहे. उत्तर यायचं आहे. नवरा बाहेर बाकावर बसून असतो. त्याने काहीतरी चेष्टा करावी म्हणून मी वाट पाहतो. तो करत नाही.

काल मावशीने मला जवळ बोलावलं. "भीती वाटते रे," म्हणाली. इतक्या उंचावर बसणाऱ्या या बाईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी तिचा हात धरून बसलो.

मुकादम दुसरा चालक शोधतो आहे. छपरावर शेवटच्या टाकीचा चौथरा तयार आहे, बोल्ट गंजू नयेत म्हणून फिटरने त्यांना प्लास्टिक गुंडाळलं आहे. टाकी खाली पडून आहे. उचलायचे पट्टे तिच्याभोवती तसेच आवळलेले आहेत.