न हलणारा लघुग्रह

"सर, तो लघुग्रह हलत नाहीये," नसरीन म्हणाली.

सकाळचे साडेदहा वाजले होते. अकराला तिचा सत्कार होता. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स झळकत होता: 'आमच्या कन्येने शोधला नवा लघुग्रह'. मंडपातल्या खुर्च्या भरत आल्या होत्या. मी डिपार्टमेंटमध्ये माझं भाषण पाठ करत बसलो होतो आणि ही बया लॅपटॉप घेऊन दारात उभी.

आमचं कॉलेज दोंडाईच्याजवळच्या एका गावात आहे. मी तिथे फिजिक्स शिकवतो. नसरीन तेव्हा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील दोंडाईच्यात गाद्या भरतात. एका परदेशी टीमसाठी आम्ही दोघं लघुग्रह शोधत होतो. मी टीमचा सदस्य, ती नुसती शिकाऊ. हा लघुग्रह खरा ठरला तर तिला कायम घेऊ, असं टीमच्या लीडरबाईंनी कळवलं होतं. त्यासाठी तिने वर्षभर डोळे फोडले होते.

काम थोडक्यात सांगतो. छोटे लघुग्रह कोळशासारखे काळे असतात. उजेड फारसा परत पाठवत नाहीत, म्हणून साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत. पण उन्हाने ते तापतात. तापलेला पत्रा हात न लावताही कळतो, तशी त्यांची उष्णता इन्फ्रारेड दुर्बिणीला कळते. आपली हवा आणि जमीन स्वतःच गरम, म्हणून ही दुर्बीण अवकाशात ठेवतात. ती तासन्‌तास एखाद्या ताऱ्याचे फोटो काढते. ते फोटो दुसऱ्याच कुणासाठी असतात. त्यात मधूनच कुणी लघुग्रह गेलाय का, हे आम्ही बघतो.

एका फोटोत तो नीट ओळखू येत नाही. मग शेकडो फोटो एकावर एक ठेवायचे. त्याआधी सगळ्या फोटोंतले तारे एकमेकांवर बसवून घ्यायचे, कारण दुर्बीण दर फोटोला मुद्दाम किंचित सरकवलेली असते. तारे जागेवर बसले की जो ठिपका सरकताना दिसतो, तो लघुग्रह असू शकतो.

असू शकतो. आम्ही टीमला तेवढंच कळवलं होतं. प्राचार्यांनी त्यातून फ्लेक्स काढला.

"हलत नाही म्हणजे?" मी विचारलं.

"तारे बसवण्याआधीचे मूळ फोटो उघडले, सर. सगळ्यांत ठिपका कॅमेऱ्याच्या एकाच जागी आहे. हॉट पिक्सल आहे."

हॉट पिक्सल म्हणजे कॅमेऱ्यातला बिघडलेला कण. समोर काही नसलं तरी तो चमकतो. तारे बसवताना आपण फोटो सरकवतो, त्याबरोबर तोही सरकतो आणि ऐटीत चालल्यासारखा दिसतो. बिघडलेल्या कणांची यादी आमच्याकडे असते. हा नवीन बिघडलेला, यादीत नव्हता.

मूळ फोटो बघणं हा आमच्या कामातला पहिला नियम. तिला वाटलं, सरांनी बघितले असणार. मला वाटलं, नसरीनने केलंय म्हणजे बघितलेच असणार. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि फोटो कुणीच उघडले नाहीत.

मला तिचा राग आला. खरं तेच सांगतो. चूक तिची म्हणून नव्हे, ती तिने आत्ताच शोधली म्हणून.

"आज सत्कार होऊ दे," मी म्हणालो. "टीमला उद्या सावकाश कळवू."

"अब्बा पहिल्या रांगेत बसलेत, सर. त्यांच्यासमोर शाल घेतली तर उद्या घरी काय सांगू?"

"आणि टीमने तुला घेतलं नाही तर?"

"नाही घेणार," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण लॅपटॉप तिने मिटला नव्हता.

मी भाषणाचा कागद खिशात कोंबला आणि नसरीनला घेऊन प्राचार्यांना गाठलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो सर, धुळ्याहून पाहुणे आलेत!" संस्थेचे अध्यक्ष नाना शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "बठ्ठं गाव येयेल शे. आते काय करानं?" सगळं गाव खरंच आलं होतं.

नसरीनच म्हणाली, "मी सांगते, नाना."

ती स्टेजवर गेली. दोन मिनिटांत सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हणाली. मग मी माईक घेतला आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. तिच्याआधी बोलायला हवं होतं, हे माईक हातात आल्यावर सुचलं. मला फार लाज वाटली. मंडपात कुणी टाळी वाजवेना. पहिल्या रांगेत तिचे वडील ताठ बसून तिच्याकडे बघत होते.

शेवटी नाना उठले. "पोर खरं बोलनी. आते जेवाले चला." लोक जेवायला गेले.

दुपारी टीमला ईमेल केला. संध्याकाळी लीडरबाईंचा कॉल आला. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी मध्येच तोडलं. हे कुणी पकडलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"नसरीनने."

"तुम्ही सांगितल्यावर?"

"नाही. मी उद्यावर ढकलू म्हणत होतो."

मग त्या म्हणाल्या, तिला कॉलवर घ्या.

नसरीनला टीममध्ये घेतलं. तिचं काम मात्र लघुग्रह शोधण्याचं नाही. सगळ्यांनी शोधलेले तिच्याकडे येतात आणि खोटे असतील ते ती खोडते. पहिल्याच महिन्यात तिने खुद्द लीडरबाईंचे दोन खोडले. तिच्या स्वतःच्या नावावर अजून एकही नाही.

मी आता मूळ फोटो उघडून बघितल्याशिवाय कशावरही सही करत नाही. नसरीनने तपासलेले असले तरी. तिचीच तशी अट आहे.