सतरा नंबरचा शेवट

बातमी आली तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर गुणाकार लिहीत होते. सुलोचनाच्या शेजारचे बांगडीवाले दाराशी आले, चपला बाहेर काढल्या आणि आत आले. मीच विचारलं, "सुलोचना?" त्यांनी मान हलवली. "दूधवालीनं लय हाका मारल्या, बाई. उठलीच नाई. अंगावरची चादर बी मोडली नव्हती." मी खडू डब्यात ठेवला, मुलांना दोन गणितं घालून दिली, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि निघाले. वाटेत एकच काळजी डोक्यात होती, दार फोडावं लागलं असेल का... नव्हतं लागलं. सुलोचना दाराला आतून कडी लावत नसे. गेली वीस वर्षं ती दार नुसतं लोटून निजायची.

याला आता सहा आठवडे झाले. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, शाळेतल्या तक्त्यांची यादी, कोणाला पत्र पाठवायचं राहिलं त्याची यादी. हा लेख लिहायला बसतानाही आधी काय काय सांगायचं ते टिपून घेतलं. त्या कागदावरची एक गोष्ट मी तीनदा खोडली आणि तीनदा पुन्हा लिहिली. ती सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही कारंजा गावाच्या कडेचे बागाईत करणारे माळी, ती गावातल्या जैन दुकानदाराची बहीण. मी शाळेत जाताना घरची भाजी तिच्याकडे टाकून जायची, तिथून ओळख झाली. आमची वांगी सबंध बाजारात नावाजलेली, पण ती वांगं खात नसे, कांदा-बटाटा तर नाहीच. मग तिच्यासाठी गवार, दोडकी, भेंडी वेगळी काढायची सवय मला लागली. दुकानामागच्या दोन खोल्यांत ती राहायची. नवरा तिच्या भावाच्याच दुकानात बसायचा. लग्नाला चार वर्षं झाली असताना एका सकाळी तो माल आणायला म्हणून अकोल्याच्या एसटीत बसला आणि परत आला नाही. कोणी म्हणे दक्षिणेत जाऊन दीक्षा घेतली, कोणी म्हणे खांडव्याला दुसरं घर केलं. तिला तेव्हा बाविसावं होतं. ती रोज कुंकू लावायची, आणि दाराला कडी लावायची नाही.

आम्हा दोघींना एकच शौक होता, रविवारचा तीन ते सहाचा सिनेमा. बायकांच्या बाजूला, खांबाजवळच्या बाकावर आमच्या जागा ठरलेल्या. अडचण एकच होती. तिचं जेवण दिवस बुडायच्या आत व्हावं लागे, पाण्याचा घोटसुद्धा नंतर चालत नसे. उन्हाळ्यात सूर्य आमच्या बाजूने असायचा. हिवाळ्यात मात्र सव्वापाच झाले की ती पदर सावरून उठायची, मग पडद्यावर कोणी मरत असो की कोणाचं लग्न लागत असो. दाराचं कापड बाजूला झालं की बाहेरचा उजेड थेट पडद्यावर पडायचा आणि पुरुषांच्या बाजूने ओरडा व्हायचा, "अवं बाई, पडदा लावा ना!" ती जाताजाताच उत्तर द्यायची, "थांबा जराक, तुमचा हिरो काई पळून नाई चालला."

शेवट मी पाहायचा आणि सोमवारी सकाळी भाजीबरोबर तिला सांगायचा, असा आमचा रिवाज पडला. सांगून झालं की वाद. मी त्यासाठी एक वही घातली होती. वाद झालेल्या चित्रपटालाच नंबर, खाली न सुटलेले प्रश्न, मग तिचं मत आणि माझं मत. नावांपेक्षा नंबरच आमच्या तोंडी बसले. तीन नंबरमधल्या वकिलाने पिस्तूल विहिरीत का टाकलं, यावर आम्ही दोन महिने भांडलो. नऊ नंबरमधला म्हातारा खोकूनखोकून मेला तेव्हा घरासमोर मोटार उभी होती, तर त्याला दवाखान्यात का नेलं नाही? मी म्हटलं, दिग्दर्शक विसरला. ती डाळ निवडताना हसली, "दिग्दर्शक नाई वं, पोरगा इसरला. मुद्दाम इसरला. तू शेवट पाह्यते ना, म्हणून तुले समजत नाई. शेवट पाह्यणारा माणूस शेवटावरून मागचं सारं ठरवून टाकते. मले तसं करता येत नाई, म्हणून मी माणसाकडं पाह्यतो." एवढं बोलून पुन्हा डाळीत खडे शोधू लागली. "लिही, मास्तरीणबाई. माझं मत आधी लिही."

सतरा नंबर आम्ही बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हिवाळ्यात पाहिला. त्यात एक माणूस काही न सांगता घर सोडून जातो. बायको शिवणकाम करत राहते, केस पिकतात. सुलोचनाने त्या दिवशी मध्यंतरात शेंगाही घेतल्या नाहीत. पडद्यावरचा तो माणूस आगगाडीतून आपल्याच गावाला उतरला, तेव्हा सव्वापाच झाले होते. ती उठली, दाराशी एकदा थांबली, आणि गेली.

पुढे मी जे पाहिलं ते असं. तो घरापर्यंत येतो. फाटकाच्या कडीवर हात ठेवतो. खिडकीतून शिवणयंत्राचा आवाज येत असतो. तो बराच वेळ ऐकतो. मग हात काढून घेतो, वळतो, आणि आला त्या रस्त्याने निघून जातो. तिला कळतसुद्धा नाही.

सोमवारी मी दोडकी घेऊन गेले. ती तांदूळ पाखडत होती. मी फाटकापर्यंत सगळं सांगितलं. "मंग?" तिने सूप खाली ठेवलं. मी म्हटलं, "मग काही नाही. कडीवर हात ठेवतो, आणि तिथंच संपतो सिनेमा."

तिने विचारलं, "उघडली का नाई, ते नाई दाखवलं?"

"नाही दाखवलं."

"लबाड आहेत लेकाचे," ती म्हणाली, पण चेहरा उजळला होता. सूप पुन्हा हातात घेतलं.

मी शाळेच्या वाटेवर स्वतःला सांगितलं की ही दया आहे. वीस पावलांत मला ते पटलंही. पण तेव्हाची एक गोष्ट इथे नोंदवलीच पाहिजे. तिचा भाऊ संक्रांतीनंतर अकोल्याला दुकान हलवणार होता. प्रभावहिनी, म्हणजे तिची भावजय, संग चल म्हणून मागे लागली होती. त्याच आठवड्यात सुलोचना मला म्हणाली होती, "मी अजून हो बी नाई म्हटलं, नाई बी नाई म्हटलं." सतरा नंबरनंतर चार दिवसांनी तिने नाही म्हटलं. नवऱ्याला माहीत असलेला पत्ता हाच आहे, एवढंच कारण दिलं. भाऊ-भावजय गेले, दुकान दुसऱ्याला दिलं, ती दोन खोल्यांत एकटी राहिली. आणि माझ्या रविवारच्या बाकावरची जागा भरलेली राहिली...

सतरा नंबरचा वाद वर्षानुवर्षं चालला. ती म्हणायची, उघडली असणार. "इतक्या दुरून आलेला माणूस कडीले हात लावून परत जाईन का? कायले येईन मंग?" मी कायम 'उघडली नसेल' या बाजूने बोलायची. तेवढाच माझा प्रामाणिकपणा. पण खरं सांगितलं नाही. गावातून सिनेमाची जाहिरात करणारी गाडी फिरायची, वर रंगवलेला फलक, आत कर्णा. ती गाडी वळणावर दिसली की मी आधी फलक वाचायची. तोच चित्रपट उन्हाळ्यात पुन्हा लागला तर? सूर्य सातपर्यंत मावळत नाही, ती शेवटपर्यंत बसेल. प्रत्येक उन्हाळ्यात मी त्या गाडीवर नजर ठेवून राहिले. कारंज्यात तो चित्रपट पुन्हा आला नाही.

चौतीस नंबर दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला. त्यात नायिकेची मैत्रीण तिचं एक पत्र लपवून ठेवते आणि का लपवलं ते शेवटपर्यंत सांगत नाही. सोमवारी सुलोचनाने वादाला स्वतःहून सुरुवात केली. "तिनं काहून लपवलं असन?"

मी म्हटलं, "दया म्हणून. वाचून ती कोसळली असती."

"दया करणाऱ्याले रोज तिचं तोंड पाह्यवते का?"

"मग तुझं काय मत?"

ती भेंडी पुसत होती. एकेक देठ कापून झाल्यावर म्हणाली, "मले वाटते, तिले मैत्रीण गमवायची नव्हती. पत्र वाचलं असतं तं ते गावच सोडून गेली असती."

"म्हणजे स्वार्थी."

"असन. पण माणूस स्वार्थी झाला तं कोणासाठी झाला, ते बी पाह्यलं पाहिजे ना वं." मग हसून म्हणाली, "नायिकेले कळलं असतं तरी तिनं इचारलं नसतं. लिही."

मी लिहिलं. जसंच्या तसं लिहिलं, कारण लिहिताना मी विचार करत नाही, ही याद्या करणाऱ्यांची खोड आहे. शाळेला उशीर होत होता.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी खोली आवरायला मी प्रभावहिनींबरोबर बसले. वस्तूंची यादी मीच केली. पितळेचे डबे सात, पोथ्या चार, लुगडी अकरा. वहिनी घड्या घालताना बोलत होत्या, बोलल्याशिवाय त्यांना रडू आवरत नव्हतं. "आमच्याकडं यायचीच नाई पोरगी. एकदा आली, तीन वर्षं झाले, भाचीच्या लग्नाले. उन्हाळा होता. म्हटलं सिनेमा पाहू. जुनाच लागला होता, तो नाई का, नवरा घर सोडून जाते आन् फाटकावरून परत जाते तो... अख्खा पाह्यला तिनं. बाहेर आली, नळावर पाणी पेली. मी म्हटलं, सुलोचना, चाल आता आमच्याकडंच राहा, कायले बसली तिथं? तं म्हणते, नाई वहिनी, तिथं सोमवारी माझ्याकडं माणूस येते."

मी यादी पुढे लिहीत राहिले. लुगडी अकरा असं दोनदा लिहिलं गेलं.

घरी येऊन वही काढली. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यानंतरची पानं पाहिली. सतरा नंबरवर त्यानंतरही तिने सहा वेळा वाद घातला होता. "उघडली असणार." सहाही वेळा तेच मत, माझ्याच अक्षरात. पाहून आल्यावरसुद्धा. मला बोलायची संधी देत होती का? की खरा शेवट तिला मान्यच नव्हता, आणि आमचा दोघींचा खोटा शेवट तिने निवडला होता? की ती आता नवऱ्याबद्दल बोलतच नव्हती... मी तीन कारणं लिहिली, चौथं सुचलं, ते लिहिलं नाही. शेवट माहीत असलेला माणूस मागचं सगळं त्यावरून ठरवतो, हे तिनेच सांगितलं होतं. आणि त्या उन्हाळ्यानंतरही ती दाराला कडी लावत नव्हती. दर सोमवारी सकाळी हाक न मारता ते दार ढकलून आत जाणारी मीच होते.

सतरा नंबरच्या पानावर मी आता खरा शेवट लिहून ठेवला आहे. 'हात काढून घेतो, वळतो, निघून जातो. हे मी पाहिलं होतं.' खाली सही केली. वाचून दाखवायला कोणी नाही.

रविवारी मी अजून टॉकीजला जाते. खांबाजवळच्या बाकावर बसते. सव्वापाचला आपोआप उठणं होतं. कापड बाजूला सारलं की मागून ओरडा होतो, मला उत्तर देता येत नाही. ऊन उतरत असतं. पाय तिच्या गल्लीत वळतात. दाराला बाहेरून कुलूप आहे, किल्ली वहिनींनी अकोल्याला नेली, हे मला ठाऊक आहे, मीच ते यादीत लिहिलं होतं. तरी मी तळहात लावून दार ढकलते. ते तसूभर आत जातं, कुलूप वाजतं, आणि थांबतं.