ट्रॅकवरचे बाण

आम्ही इंदिरानगरात फ्लॅट घेतला तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून दोन गोष्टी सांगितल्या होत्या. लिफ्ट आहे आणि मागे जॉगिंग ट्रॅक आहे. एकलहऱ्याच्या कॉलनीत बत्तीस वर्षं काढली होती मी. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. इथल्या खिडकीतून कडुलिंबाची रांग दिसत होती, तिच्या सावलीत गोल वाट, आणि त्या वाटेवर पांढरेशुभ्र बूट घालून चालणारी माणसं. त्या माणसांत आपली गणती व्हावी असं मला फार वाटायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं ते वाटायचं.

आमचे हे वीज केंद्रात ऑपरेटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत शिफ्टमध्येच काम केलं. मूळचे सिन्नरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. इतकी वर्षं नोकरी करूनही बोलण्यातलं ‘हाय’ आणि ‘नाय’ गेलं नव्हतं. मी मात्र नाशकातलीच, आणि ते मी यांना अधूनमधून जाणवून द्यायची.

पहिल्याच दिवशी ट्रॅकच्या फाटकातून आत शिरल्यावर सगळे डावीकडे वळत होते आणि हे उजवीकडे वळले. मला वाटलं, नवीन आहेत, चुकले. मी शर्टाची बाही ओढली. तर म्हणाले, तू जा तिकडून, मी इकडून येतो, मधे गाठ पडेल. आणि खरंच पडली. एका फेरीत दोनदा पडली. दोन्ही वेळा यांनी मला, स्वतःच्या बायकोला, हात वर करून राम राम घातला. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी हसतंय का.

मला घातला तसा ते सगळ्यांनाच घालायचे. समोरून येणारा प्रत्येक माणूस यांना आपलाच वाटायचा. झालं का चालून, आज उशीर केला, काल दिसला नाहीत, असं चालता चालता सुरू व्हायचं आणि मग दोघंही थांबायचे. पंधरा दिवसांत यांना सगळा ट्रॅक ओळखू लागला. कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, हे मला घरी चहा पिताना कळायचं. आणि मी? मी त्याच ट्रॅकवर रोज सहा फेऱ्या मारत होते आणि मला फक्त बायकांच्या वेण्या पाठ झाल्या होत्या.

पण यांची एक खोड होती. चेहरा बघून बोलायचे. समोरच्याचं तोंड उतरलेलं दिसलं की सरळ विचारायचे, रात्री झोप नाही झाली वाटतं? एका बाईला सांगितलं, ताई, तुमचा चेहरा पांढरा पडलाय, घरी जा आणि काहीतरी खा. आता सकाळी सहाला नवे बूट घालून तब्येत कमवायला निघालेल्या माणसाला हे ऐकायला कसं आवडेल? त्यात तिथल्या अर्ध्या लोकांच्या मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. मध्येच थांबावं लागलं की ते घड्याळाकडे असं बघायचे, जसं दूध उतू गेलंय.

ट्रॅकवर एक ग्रुप होता. पोपटी टी-शर्ट, महिन्यातून एकदा मिसळ, कोजागिरीला दूध आणि वर्षातून एक सहल. त्याचे अध्यक्ष बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. स्वभावाने गोड, कपड्यांना कडक इस्त्री. त्यांच्या मुलाचं लग्न मोडायच्या बेतात होतं. सून सामान घेऊन गेली हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं आणि सगळे मूग गिळून होते. यांना मात्र काहीच माहीत नव्हतं. यांनी एका सकाळी अध्यक्षांचा चेहरा पाहिला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “साहेब, घरी सगळं ठीक हाय ना?”

मी पन्नास पावलं मागे होते. अध्यक्षांचा चेहरा मला दिसला नाही, पण ते खाली बघत उभे राहिलेले दिसले. मग झपाझप निघून गेले. त्या दिवशी त्यांनी उरलेल्या फेऱ्या मारल्याच नाहीत.

चार दिवसांनी ते आमच्या घरी आले. हे दळण आणायला गेले होते, आणि अध्यक्षांनी ती वेळ बघूनच बेल वाजवली असावी असा मला आजही संशय आहे. चहा घेतला, माझ्या पोह्यांचं कौतुक केलं. मग म्हणाले की ट्रॅक सगळ्यांचाच आहे, पण थोडी शिस्त हवी. समोरून कुणी आलं की पळणाऱ्यांना अडथळा होतो, उद्या कुणी आपटलं तर? मिस्टर दिलदार आहेत, पण लोक काय, नावं ठेवतात. वहिनी, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. आणि जाता जाता सहज म्हणून सांगितलं की महिलांच्या कार्यक्रमांसाठी कमिटीवर तुमच्यासारखी कुणीतरी जबाबदार हवी आहे.

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते हे कळायला मी काही दूधखुळी नव्हते. सगळं कळत होतं आणि तरी मी चढत होते. लिफ्टपर्यंत त्यांना सोडायला गेले, आणि परत येईपर्यंत माझं ठरलं होतं.

दुपारी जेवताना विषय काढला. यांच्या ताटात पिठलं-भाकरी होती. मी आधी शिस्तीचं बोलले, मग पळणाऱ्यांचं बोलले. हे मान हलवत जेवत होते. त्यांचं लक्ष नाही असं वाटून माझं डोकं फिरलं आणि मी म्हणाले, “चालायला जाता की हजेरी घ्यायला? लोकांच्या तोंडाकडे कशाला बघायचं? लाज आणता मला.”

शेवटचे तीन शब्द बोलायची काहीच गरज नव्हती.

यांनी घास खाली ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मग म्हणाले, “शिफ्टला जाताना आपण आत जायचो अन् सुटलेली माणसं समोरून यायची. गेट लांब असतानाच तोंडं बघून कळायचं, आत काय वाढून ठेवलंय. युनिट बंद पडलंय का, कुणाला लागलंय का. समोरून कुणीच येईना झालं की मला भ्या वाटायचं. अजून वाटतं.”

मी म्हणाले की ही कॉलनी नाही, इथे कुणाची शिफ्ट सुटत नाही. हे “बरं” म्हणाले आणि जेवण पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी फाटकातून आत गेल्यावर हे क्षणभर थांबले, लोक कुठे वळतायत ते पाहिलं आणि डावीकडे वळले. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या बाकावर अध्यक्ष पाय ताणत बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. महिनाभरात मला पोपटी टी-शर्ट मिळाला.

यांनी मागून बोलायचा प्रयत्न करून पाहिला. पण मागून आवाज दिला की लोक दचकतात, आणि कानात गाणी असली तर दचकतही नाहीत. एकदा गाठून कुणाशी बोलायला गेले तर त्या माणसाला वाटलं, म्हातारा शर्यत लावतोय. तो आणखी जोरात पळाला. हे मला हसत हसत सांगितलं होतं यांनी. मीही हसले होते. नंतर एका सकाळी बूट काढताना म्हणाले, “नुसत्या पाठी दिसत्यात गं,” आणि मोजे वाळत टाकायला गॅलरीत गेले.

यांच्याबरोबर उलटं चालायला लागलेली चार-सहा माणसं होती. हे वळले तरी ती वळली नाहीत. म्हणून कमिटीने ठरवलं की जमिनीवर बाण काढायचे. माझी पहिलीच मीटिंग. काम कोण बघणार असं अध्यक्षांनी विचारल्यावर पहिला हात माझा वर गेला. रविवारी हे पुतण्याच्या साखरपुड्याला सिन्नरला गेले होते. मी पाय दुखतोय म्हणून मागे राहिले आणि उन्हं वर येईपर्यंत एका हातात पिवळ्या रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा साचा घेऊन ट्रॅकभर वाकत फिरले. वीस बाण. एकही वाकडा नाही. अध्यक्षांनी ग्रुपवर फोटो टाकला. यांच्याकडे साधा फोन, त्यामुळे तो यांना कधी दिसला नाही.

सोमवारी यांनी बाण पाहिले, म्हणाले, चांगलं केलं, नव्या माणसाला समजेल. म्युनिसिपालिटीने काढले असं यांनी गृहीत धरलं आणि मी दुरुस्त केलं नाही. पुढच्या पावसाळ्यात गुडघ्याचं निमित्त झालं आणि यांचं चालणं बंद पडलं. पाऊस संपला, गुडघा बरा झाला, तरी बूट काही बाहेर निघाले नाहीत. आता हे सकाळी गॅलरीत बसतात. चौथ्या मजल्यावरून माणसांची डोकीच दिसतात, तरी बसतात. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सोडायला लिफ्टपर्यंत जातात. मला हे दिसतं, कळतं, आणि मी बुटाची नाडी बांधून खाली जाते.

गेल्या थंडीत एका सकाळी मी ग्रुपच्या तिघींबरोबर चालत होते. त्या पुढे, मी दोन पावलं मागे. तिसऱ्या फेरीला, फाटकापासून लांबच्या वळणावर, अंगाला एकदम घाम सुटला. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी हाक मारली असं मला वाटलं, पण आवाज फुटला नसावा. त्या तिघी लेकीच्या बाळंतपणाचं काहीतरी बोलत वळणावरून दिसेनाशा झाल्या. मी कडेच्या दगडाचा आधार घेत खाली बसले. मागून एक पळणारा आला, मला वळसा घालून गेला. मग एक जोडपं आलं. त्यातली बाई न थांबता म्हणाली, काकू, बाकावर बसा ना, इथे कुणाचा पाय लागेल. ते मागून येत होते. त्यांना माझी पाठ दिसली, पोपटी टी-शर्ट दिसला. दमून बसलेली बाई दिसली.

माझ्या पायांपुढे बाण होता. रंग जरा उडालेला, पण सरळ. त्याच्याकडे बघत मी बसून राहिले. यांनी त्या ताईला सांगितलेलं आठवलं, चेहरा पांढरा पडलाय, घरी जा आणि खा. तेव्हा मी मागून ऐकलं होतं आणि मनात म्हणाले होते, झालं यांचं सुरू.

अख्खी फेरी मारून त्या तिघी मागून परत आल्या तेव्हा त्यांना मी सापडले. अगं, आम्हाला वाटलं तू मागेच आहेस, असं म्हणाल्या. खोटं नव्हतं त्यांचं. मी मागेच होते.

त्यांनी घरापर्यंत आणून सोडलं. यांनी दार उघडलं, एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता साखरेचा डबा काढला. डॉक्टरांनीही संध्याकाळी तेच सांगितलं, उपाशीपोटी शुगरचं औषध घेऊन चाललात, साखर उतरली. पण ते नंतरचं. तेव्हा मी खुर्चीत होते आणि हे शेजारी उभे राहून पेल्यात चमचा फिरवत होते. किती वेळ बसली होतीस, विचारलं. एक फेरी होईपर्यंत, मी सांगितलं.

यांचा चमचा थांबला. “समोरून कुणीच आलं नाय?”

टोमणा नव्हता. यांना टोमणा मारता येत नाही, इतक्या वर्षांत एकदाही जमलेला नाही. खरोखर विचारत होते. त्यांना भीती वाटली होती.

“नाही,” मी म्हणाले.

यांनी पेला माझ्या हातात दिला, माझी बोटं त्याच्याभोवती नीट दाबून धरली आणि म्हणाले, “लोकांचा तरी काय दोष. तिथं बाणच तसे काढून ठेवलेत. कुणी काढले, काय माहीत.”

मी पाणी प्यायले आणि यांना म्हणाले, अजून एक चमचा साखर घाला.