न मागितलेली फाईल

विश्रामदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माळनाक्यावर भाजी घेत होतो. फोन त्यांच्या मुलीचा होता. सकाळी परड्यात फुलं काढताना कोसळले, म्हणाली. मला रडू आलं नाही. पहिलं मनात आलं ते हे, की आता सांगायचं कुणाला...

आम्ही दोघं एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात होतो. इस्पितळ चिपळूणला, आमचं कार्यालय रत्नागिरीत. रुग्णांच्या नोंदी तिकडच्या मुख्य सर्व्हरवर आणि त्यांची हुबेहूब प्रत आमच्याकडच्या राखीव सर्व्हरवर. तिकडे झालेला प्रत्येक बदल लॉग फायलींत साठायचा, त्या फायली आमच्याकडे यायच्या आणि क्रमाने प्रतीला लागायच्या. मधली एक हरवली की प्रत तिथंच थांबणार, पुढच्या कितीही येवोत. हे काम मला दादांनीच शिकवलं. पुसण्याआधी ती लागली का बघ, एवढं एकच ते पुन्हा पुन्हा सांगायचे.

एका शुक्रवारी डिस्क भरली. मला गावाकडची एसटी गाठायची होती. जुन्या दिसल्या त्या फायली मी न बघता पुसल्या आणि त्यातली एक लागायची राहिली होती. प्रत थांबली. चिपळूणला ती फाईल शाबूत होती, पुन्हा मागवणं अर्ध्या तासाचं काम. पण मागवायची तर दादांना कळणार. म्हटलं, सोमवारी दादा यायच्या आधी गुपचूप करू. शनिवारी पाऊस वाढला तसा दादांचा फोन आला.

"प्रत चालू आहे ना रे?"

"हो दादा, चालू आहे."

रविवारी वाशिष्ठीचं पाणी इस्पितळाच्या तळमजल्यात शिरलं. मुख्य सर्व्हर गेला आणि आमच्या प्रतीत शुक्रवारनंतरचं काहीच नव्हतं. एका बाळंतिणीला न सोसणारं औषध, शनिवारीच नोंदवलेलं, पुन्हा दिलं गेलं. ती वाचली, पण तिचा सुजलेला चेहरा मी पाहिला आहे. दादा कितीतरी दिवस भिजलेले केसपेपर पंख्याखाली वाळवत, नर्सना विचारत विचारत नोंदी पुन्हा भरत होते. चौकशीत ते एवढंच म्हणाले, "देखरेख माझी होती." विभागप्रमुखाची जागा हातची गेली. निवृत्तीपर्यंत त्यांना भांडारात बसवलं. मी शेजारीच उभा होतो, तोंड उघडलं नाही. पुढे आंबे घेऊन त्यांच्या घरी जायचो, ओटीवर बसून इकडतिकडचं बोलायचो आणि परत यायचो...

परवा दादांच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,

"त्यांना ठाऊक होतं, भाऊजी. कोणी काय पुसलं ते मशीनमध्ये राहतं म्हणे. मी म्हणायचे, विचारा ना. तर म्हणायचे, तो आपण होऊन सांगेल. तुम्ही आलात की मला चहाला आत धाडायचे. चहा झाला तरी लगेच बाहेर येऊ नको, म्हणायचे. तुझ्यासमोर त्याला बोलता यायचं नाही."

त्या घरचा चहा मी नेहमी कोमटच प्यायलो. का, ते कधी मनात आलं नाही.